वजनाचा प्रश्न

माणसाने सासुरवाडीला आणि मुलाच्या घरी फार दिवस राहू नये, असे माझी आजी म्हणत असे. पण मुलाचे घर अमेरिकेतल्या ओहायो राज्यात असले आणि परतीचे तिकीट पाच महिन्यांनंतरचे असले, म्हणजे आजीच्या उपदेशाचा काही उपयोग होत नाही. २०२४ सालच्या मे महिन्यात मी आणि ही कोलंबस शहराजवळच्या एका उपनगरात चिरंजिवांकडे दाखल झालो, आणि पंधरा दिवसांतच माझ्या ध्यानात आले की या घरात मला काही कामच नाही. हिला स्वयंपाकघर होते, नातीच्या वेण्या होत्या. पुण्यात मी सकाळी दूध आणतो, विजेचे बिल भरतो, सोसायटीच्या सभेत भांडतो. तिथे दूध फ्रीजमध्ये आपोआप उगवत होते, बिले बँक भरत होती, आणि भांडायला रस्त्यात माणूस म्हणून दिसत नव्हता.

घरामागे मात्र पाऊण एकर गवत होते. मे महिन्यात तिकडे गवताला असा काही जोम येतो की आठवड्याला कापावेच लागते. त्यासाठी चिरंजिवांनी एक वापरलेला छोटा ट्रॅक्टर घेऊन ठेवला होता. पोटाखाली गरगर फिरणारी पाती, वर बसायला आसन आणि हातात चाक. “एवढे काम माझ्याकडे दे,” मी म्हणालो. चिरंजिवांनी जरा का-कू करून किल्ली दिली.

पहिल्या दिवशी सपाटीवर मी राजासारखा हिंडलो. पण मॅपलच्या झाडापलीकडे जमीन चढती आणि उंचसखल आहे. तिथे पोहोचताच इंजिन खोकू लागले. फट्‌, फट्‌, फुस्स; पुन्हा सुरू, पुन्हा फुस्स. गॅरेजमध्ये आणून उभे केले, तर मांजरासारखे गुरगुरत राहिले! रविवारी चिरंजीव स्वतः बसले आणि सारे गवत कापून आले. एकदाही खोकला नाही. उतरल्यावर ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “बाबा, राहू द्या. मी करत जाईन रविवारी.”

त्या मऊ आवाजानेच घात केला. मुलगा चिडून बोलला तर बाप चिडून उत्तर देतो. मुलगा सांभाळून बोलू लागला की बापाने काय समजायचे ते समजावे.

आता मी काही मेकॅनिक नव्हे. पण ज्याने नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहून १९७८ साली स्कूटर मिळवली आणि ती सतरा वर्षे चालवली, त्याला इंजिनाचे निम्मे शास्त्र आपसूक येते. प्लग काढून घासणे आणि कार्ब्युरेटरात ‘कचरा आला’ असे गंभीरपणे म्हणणे, एवढ्यावर आमची पिढी कचेरीत वेळेवर पोहोचली.

सोमवारी घर रिकामे झाल्यावर मी कामाला लागलो. आधी प्लग काढला. तो काळा पडला असता तर पेट्रोल जास्त जाते असे समजलो असतो. पण तो छान बिस्किटाच्या रंगाचा होता. हवेची जाळी झटकली. पेट्रोलचा संशय आला. तिकडच्या पेट्रोलमध्ये बहुधा दहा टक्के इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते, आणि हिवाळाभर टाकीत राहिलेले पेट्रोल शिळे होते. म्हणून टाकी उपसली, ताजे भरले, वाटेतला फिल्टर बदलला. मग आठवले की टाकीच्या झाकणाचे बारीक भोक बुजले तर आत हवा जात नाही आणि थोड्या वेळाने पेट्रोल उतरेनासे होते. झाकण सैल करून एक फेरी मारली. सपाटीवर ठीक, मॅपलपलीकडे फुस्स!

तेव्हा मी हातातली हत्यारे ठेवली आणि नुसता विचार केला. पेट्रोल कमी पडले की इंजिन दमलेल्या माणसासारखे हळूहळू मावळते. हे मात्र कुणी दिव्याचे बटण दाबावे तसे एकदम विझत होते आणि तसेच एकदम पेटत होते. म्हणजे दोष पेट्रोलचा नव्हे, ठिणगीचा. पुन्हा चढावर गेलो. सायकलवर चढ आला की माणूस सीटवरून अर्धा उठतो, तसा सवयीने उठलो, आणि इंजिन खोकले. दाबून बसलो, इंजिन सुरळीत!

पाती थांबवून आणि इंजिन बंद करून आसन उचलून पाहिले. खाली एक बटण आणि त्याला वायरी. पाती फिरत असताना आसनावर माणूस नसेल, तर हे बटण इंजिनाची ठिणगी तोडते. पाती बंद आणि ब्रेक लावलेला असला की त्याची काही तक्रार नसते. म्हणून गॅरेजमधली ती गुरगुर. आसनाखालच्या स्प्रिंगा चिरंजिवांच्या पंचाण्णव किलोंना बेताच्या लावलेल्या. माझे बावन्न किलो प्रत्येक खळग्यावर उडत, आणि यंत्राची समजूत होई की वर कुणी बसलेलेच नाही. मुलाच्या घरी बापाचे वजन किती, हे इतक्या स्पष्ट शब्दांत मला कुणी सांगितले नव्हते.

संध्याकाळी चिरंजिवांना मी विजयी मुद्रेने सारा शोध सांगितला आणि म्हणालो, “त्या बटणालाच चकवून टाकतो. चार पैशांच्या वायरीचे काम.”

“नाही, बाबा.” या वेळी आवाज मऊ नव्हता. “इंजिन शंभरदा बंद पडलं तरी चालेल. तुम्ही चढावर पडलात आणि खाली पाती फिरत राहिली तर?”

मी काही बोललो नाही. कोट उतरवून ते गॅरेजच्या फरशीवर आडवे झाले. स्प्रिंगांना मागेपुढे सरकवायच्या खाचा होत्या. ते पान्याने नट सैल करू लागले आणि म्हणाले, “टॉर्च जरा इकडे धरा.” चाळीस वर्षांपूर्वी वाड्याच्या बोळात स्कूटरपाशी बसून मी हेच त्यांना दरडावून सांगत असे, आणि डुलक्या घेत ते भलतीकडे उजेड पाडीत. मी मात्र टॉर्च नीट धरला.

त्यानंतर ऑक्टोबरपर्यंतचे सारे गवत मी कापले. चिरंजीव कधी बसलेच, तर आसन त्यांच्याखाली करकरत तळाला टेके. नोव्हेंबरात फोनवर ते म्हणाले की थंडीसाठी ट्रॅक्टर आवरून ठेवला. मी सहज विचारले, “स्प्रिंगा परत तुझ्या खाचेत घेतल्यास ना?”

“नाही,” ते म्हणाले. “मे महिन्यात पुन्हा सरकवायच्या कशाला?”