सोळा गोलांचा हिशेब

2022 च्या विश्वचषकात खेळलेल्या भारताच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल संघास अनावृत पत्र

प्रिय मुलींनो,

मुलींनो म्हणते खरी, पण तुमच्यातल्या बहुतेकींनी आता विशी गाठली असेल. मी उरण तालुक्यात, द्रोणागिरीत राहते आणि शाळेत शिकवते. तुमच्या विश्वचषकाचा अंतिम सामना जिथे झाला, ते नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम आमच्यापासून फार लांब नाही. 2022 साली उरणपर्यंत लोकल आली नव्हती. 30 ऑक्टोबरच्या त्या संध्याकाळी शाळेतल्या काही मुलींना घेऊन मी कंटेनरच्या ट्रेलरांमधून वाट काढत नेरूळ गाठलं. स्पेनने कोलंबियाला 1-0 हरवलं. 82 व्या मिनिटाला कोलंबियाच्याच खेळाडूकडून चेंडू स्वतःच्या जाळ्यात गेला आणि त्यावर विश्वचषकाचा निकाल लागला.

मध्यंतरात एका मुलीने विचारलं, "बाई, आपल्या मुली कधी खेळणार?" तिला सांगावं लागलं, की आपला संघ केव्हाच स्पर्धेबाहेर पडला आहे आणि त्याचे तिन्ही सामने भुवनेश्वरला होऊन गेले आहेत. तिने पुढे काही विचारलं नाही. तिचा तो प्रश्न मात्र माझ्या मनातून गेलेला नाही, म्हणून हे पत्र.

तुमची नोंद कागदावर तीन ओळींची आहे. 11 ऑक्टोबरला अमेरिकेविरुद्ध 0-8. 14 ऑक्टोबरला मोरोक्कोविरुद्ध 0-3. 17 ऑक्टोबरला ब्राझीलविरुद्ध 0-5. सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. त्या आठवड्यात लोक हे आकडे मोबाइलवर पाहून हसले, हे मी स्वतः ऐकलं आहे. हसणाऱ्यांना बाकीचा हिशेब ठाऊक नव्हता.

हा विश्वचषक खरं तर 2020 च्या नोव्हेंबरात भारतात व्हायचा होता. करोनामुळे तो 2021 च्या फेब्रुवारीवर गेला आणि मग रद्दच झाला. यजमानपद 2022 साठी पुन्हा मिळालं, पण वय कुणासाठी थांबत नाही. 2003 आणि 2004 साली जन्मलेल्या ज्या मुली तयारी करत होत्या, त्या या स्पर्धेच्या वयातून बाहेर गेल्या. तुम्ही 2005 साली किंवा त्यानंतर जन्मलेल्या. तुमची खेळ पक्का होण्याची वर्षं टाळेबंदीत, बंद मैदानांच्या बाहेर गेली. त्यातून सावरून 2022 च्या मार्चमध्ये तुमच्यातल्या कित्येकींनी जमशेदपूरला अठरा वर्षांखालची दक्षिण आशियाई स्पर्धा जिंकली. लिंडा कोमने त्यात सर्वाधिक गोल केले. ते विजेतेपद आमच्याकडे फारसं कुणाला माहीत नाही.

मग ऑगस्ट आला. फुटबॉल महासंघाच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप होतो म्हणून फिफाने भारताला निलंबित केलं. विश्वचषक दोन महिन्यांवर आलेला, आणि तो आपल्याकडे होणार की नाही हे तुम्हाला कुणी सांगू शकत नव्हतं. 26 ऑगस्टला निलंबन उठलं. खुर्च्यांची भांडणं मोठ्या माणसांची होती, टांगणीला मात्र तुम्ही लागलात.

तुमची कर्णधार अस्तम उराँव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. नीतू लिंडा, अनिता कुमारी, पूर्णिमा कुमारीही झारखंडच्याच. बाकीच्यांमध्ये मणिपूरच्या अनेक जणी, आणि आपल्या महाराष्ट्रातली पुण्याची काजोल डिसोझा. अस्तमच्या गावात तिच्या सन्मानार्थ रस्ता होत होता आणि तिचे आईवडील त्याच रस्त्यावर मजुरी करत होते, ही बातमी तेव्हा देशभर छापून आली. तिचं कौतुक म्हणून ती छापली गेली. मला ती वाचून लाज वाटली.

अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात तुमच्या जाळ्यात एक गोल मिया भुताने मारला. तीही भारतीय वंशाची. रक्त, हाडपेर, उंची यांची सबब तिथे संपते. तिच्या देशात 1972 साली कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही. त्या कायद्याने मैदानंही मुलींना खुली झाली. पन्नास वर्षं मुलींच्या पिढ्यांमागून पिढ्या शाळेत सामने खेळत आल्या, त्यातून मिया घडली. आणि मोरोक्को? त्यांचाही हा पहिलाच विश्वचषक होता. मध्यंतरापर्यंत तुम्ही त्यांना एक गोल करू दिला नव्हता. त्या पंचेचाळीस मिनिटांची आठवण कुणी काढत नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवते.

आमच्याकडे काय घडतं, ते शिक्षिका म्हणून सांगते. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. तालुक्याला पहिला सामना हरला, की त्या शाळेच्या मुलींचं वर्ष संपलं. पावसाळ्यात पंधरा दिवस सराव, एक सामना, मग थेट पुढचा पावसाळा. तेरा वर्षांची मुलगी सोळाची होईपर्यंत तिच्या वाट्याला कसेबसे चार-पाच सामने येतात. द्रोणागिरीत सिडकोने सेक्टर आखले आणि इमारती उभ्या राहिल्या. ज्या मोकळ्या जागा उरल्या, तिथे संध्याकाळी टेनिस बॉलचं क्रिकेट चालतं. मुलं खेळतात याचा आनंदच आहे. पण मुली कडेला उभ्या असतात. सात वाजता अंधार पडतो, मैदानावर दिवा नसतो, रस्त्यावर ट्रेलर धावत असतात, आणि घरून फोन येतो, "लवकर ये." त्या आईचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

यजमान होतो म्हणून 2022 ची जागा आपल्याला मिळाली. 2017 साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात मुलांनाही ती तशीच मिळाली होती. तेव्हा दिल्लीत जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध हेडरने गोल केला, विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. त्या विश्वचषकाच्या निमित्ताने राज्यात 15 सप्टेंबरला दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा अशी मोहीम निघाली. एक दिवस सगळीकडे चेंडू उसळला, मग पुष्कळ शाळांत तो कपाटात गेला. समारंभाने संघ घडत नाही, हे आपण मुलांच्या वेळी शिकलो नाही आणि पुन्हा तुमच्या वेळीही शिकलो नाही.

दुसरीकडे काय होऊ शकतं, तेही नेरूळच्याच स्टेडियमने दाखवलं. 27 ऑक्टोबर 2022 ला, तुमच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याआधी तीन दिवस, क्रिकेट मंडळाने महिला आणि पुरुष खेळाडूंना सामन्याचं मानधन सारखं केलं. पुढच्याच वर्षी महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली. आणि 2 नोव्हेंबर 2025 ला त्याच डी. वाय. पाटीलवर हरमनप्रीत कौरच्या क्रिकेट संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक उचलला. मध्यरात्रीच्या सुमाराला द्रोणागिरीत फटाके वाजले. त्या मुलींच्या गुणाला कुठे तोड नाही. पण त्यांच्या पाठीशी सामने होते, पगार होता, लीग होती. तुमच्या पाठीशी यातलं काय होतं?

तरीही तुमची वाट मोडली नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये तुमच्यामागून आलेल्या सतरा वर्षांखालील संघाने बिश्केकला पिछाडीवरून उझबेकिस्तानला 2-1 हरवलं आणि आशियाई स्पर्धेची जागा पात्रता फेरीतून, स्वतःच्या पायांनी मिळवली. तुमच्या सोळा गोलांनंतर लोकांनी मुलींच्या फुटबॉलवर काट मारली असती, तर ते बिश्केक घडलं नसतं. हरताना नव्वद मिनिटं मैदान न सोडणाऱ्या तुम्हीही त्या विजयात आहात.

म्हणून ते सोळा गोल मी तुमच्या नावावर मांडत नाही. ते आमच्या खात्यावर आहेत. शाळेच्या, गावाच्या, सिडकोच्या, महासंघाच्या आणि माझ्याही, कारण माझ्या शाळेतल्या मुलींना वर्षात एकच सामना मिळतो हे मी इतकी वर्षं चालवून घेतलं.

आता उरण तालुक्यातल्या शाळांना आणि क्रीडामंडळांना माझं मागणं आहे. उरण, बोकडवीरा, जासई, चिरनेर अशा चार ठिकाणचे मुलींचे चार संघ करू या. साखळी पद्धतीने एकमेकांशी दोनदा खेळलं, तर प्रत्येक संघाला सहा सामने मिळतील. दर रविवारी सकाळी दोन तास मैदान मुलींसाठी राखून ठेवा. लागेल तो चेंडू, शिट्टी आणि चुना मी आणते. हरलेल्या संघालाही पुढच्या रविवारी सामना असेल, एवढा एकच नियम पाळू या.

तुमची,
द्रोणागिरीतली एक शिक्षिका