वाडग्याचा रुबाब

याला भेटा. अंगानं बसका, स्टीलचा, बुडाला रबराची कडी. मुक्काम स्वयंपाकघराच्या दाराशी, पण रुबाब घरातल्या वडीलधाऱ्यासारखा. त्याच्यासमोर रोज बसवलं जातं ते अडीच महिन्यांचं देशी पिल्लू. जेवणाच्या बाबतीत भलतंच नखरेल.

वाडगा वेळेचा पक्का. दिवसातून चारदा हजर होतो आणि 15-20 मिनिटांत ओट्यावर परत जातो. पिल्लानं तोंड फिरवलं म्हणून ताटकळत बसणं त्याच्या स्वभावात नाही. अन्न दिवसभर समोर राहिलं तर पिल्लाला भूक लागणार कधी? पुढची वेळ झाली की मात्र कालपरवाचं काही मनात न ठेवता पुन्हा येतो. शेजारचं पाण्याचं भांडं तेवढं कायम जागेवर.

गारढोण अन्न त्याला चालत नाही. कुत्र्याच्या जिभेवर रुचिकलिका जेमतेम 1,700. माणसाच्या 9,000 च्या घरात. त्यामुळे पिल्लू आधी नाकानं जेवतं. कोरड्या दाण्यांवर कोमट पाणी किंवा बिनमिठाचं, बिनकांद्याचं चिकनचं पाणी पडलं, वास दरवळला, की रुसलेलं नाक आपोआप वळतं.

स्वच्छतेचा त्याला भारी सोस. प्रत्येक जेवणानंतर घासून हवा. सकाळचा आंबूस वास अंगावर घेऊन तो संध्याकाळी मिरवत नाही.

आवाज मात्र कर्कश. पिल्लाच्या गळ्यातलं घुंगरू कडेला लागलं की ठण्णकन ओरडतो, पिल्लू दचकून मागं सरतं आणि घरचे म्हणतात, ‘आवडलं नाही वाटतं!’ घुंगरू काढून ठेवलं की दोघांची दिलजमाई होते.

बदल त्याला हळूहळू लागतो. नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत सात-दहा दिवसांनी पूर्ण येतं. घाई केली की पिल्लाचं पोट बिघडतं.

त्याला खरा राग येतो तो ‘खा रे राजा’ म्हणत हातावर बिस्किट धरणाऱ्यांचा. नाही म्हटलं की गोड मिळतं, हा धडा पिल्लू एका दिवसात गिरवतं. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट यांना तर त्याच्याकडे थाराच नाही. ते कुत्र्याला विषारी.

पुढे चौथ्या महिन्याच्या सुमारास 28 दुधाचे दात पडू लागतील, त्यांच्या जागी 42 पक्के येतील, हिरड्या ठणकतील. तेव्हा हा कडक गृहस्थही मवाळ होईल आणि दाणे भिजवून मऊ करून आणेल.

पण पिल्लू मरगळलं, उलट्या-जुलाब सुरू झाले, किंवा दिवसभर अन्नाला शिवलंच नाही, तर तो नखरा नसतो. जंत किंवा पार्व्होसारखा विषाणूजन्य आजारही असू शकतो. अशा वेळी वाडगा आपली सगळी शिस्त गुंडाळतो. भरलेलाच परत येऊन घरच्यांना बजावतो, ‘मला सोडा, डॉक्टरकडे निघा. आजच.’