क्लिम्टचं झाड आणि आमचं कुंड

ऑफिसात माझ्या डेस्कवर गुस्ताव क्लिम्टच्या ‘ट्री ऑफ लाइफ’चं पोस्टर आहे. सोनेरी झाड, गोल गोल गुंडाळत गेलेल्या फांद्या आणि त्यात एक काळा पक्षी. “सही यार, कुठून घेतलंस?” याचं उत्तर मी खुशीत देते. “तू मूळची कुठली?” हे मात्र टाळायचे. ‘औरंगाबादकडची’ म्हटलं की सुटका! बीड म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, “तिकडे दुष्काळ असतो ना?”

यंदा दिवाळीत आबा म्हणाले, “चल, कंकालेश्वराला जाऊन येऊ.” बारावीनंतर गेलेच नव्हते. बीड शहरातच, कुंडाच्या मधोमध उभं असलेलं हे जुनं शिवमंदिर. चारी बाजूंनी पाणी. भिंतींवर सुरसुंदरी, दगडात कोरलेली वेलबुट्टी. बघता बघता मला माझं पोस्टरच आठवलं.

क्लिम्टचे वडील सोन्यावर नक्षी कोरणारे कारागीर. पोराच्या चित्रातही सोनं आलंच. ‘द किस’मध्ये पुरुषाच्या झग्यावर काळे-पांढरे चौकोन आहेत, बाईच्या कपड्यांवर फुलं. पायाखाली फुलांचं कुरण, आणि ते एकदम संपतं... पुढे कडाच! ‘ट्री ऑफ लाइफ’ त्याने ब्रुसेल्समधल्या एका धनाढ्य उद्योगपतीच्या डायनिंग रूमसाठी केलं. १९११ साली ते भिंतीवर चढलं, संगमरवर, सोनं आणि रत्नं जडवून. झाड म्हणजे जगणं, काळा पक्षी म्हणजे मरण, असा अर्थ लावतात. जेवणाच्या टेबलासमोर मरण! मला हे फार आवडतं.

पण क्लिम्ट उन्हाळ्यात आट्टरसे तलावाकाठी राहायला जायचा. हिरवळ त्याला दारातच. आमच्याकडे २०१६च्या उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न वाजला की आई हातातली पोळी तव्यावर टाकून कळशी घेऊन पळायची. अशा मुलखात कुणीतरी दगडावर वेली चढवल्या.

मी हे आबांना सांगितलं, जरा भाषणच दिलं म्हणा ना. ते पायरीवर बसून म्हणाले, “वेलीला पाणी लागतं. म्हणून आधी कुंड केलं असंल, अन् मग देऊळ.” खरं-खोटं देव जाणे. माझ्या पोस्टरवरच्या सोन्यात पाणी कुठेच नाही, हे मात्र मला पहिल्यांदाच जाणवलं.

जायचं असेल तर संध्याकाळी जा. ऊन उतरलं की भिंतीवरच्या बायका पाण्यात हलायला लागतात. मोबाइलवर काढलेला तो फोटो मी पोस्टरशेजारी लावलाय. सोमवारी शेजारच्या टीममधला एकजण थबकला. “वॉव, कंबोडिया?”

“बीड,” म्हटलं. “माझं गाव.”