बंद ठेवलेला स्विच

गेल्या वर्षापासून आजी मला ‘अण्णा’ म्हणते. अण्णा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. मी जन्मायच्या आधीच गेला. आधी मी तिला दुरुस्त करायचो. आता तिने "अण्णा, एसटी मिळाली का रे?" विचारलं की "मिळाली अक्का, बसायला जागापण मिळाली" म्हणतो. ती खूश, मी खूश.

मार्चमध्ये बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपवरची एक बातमी दाखवली. डोक्यात वायर घालून अल्झायमर बरा करतात म्हणे. "तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा." एरवी मी रात्री लॉग वाचत बसतो, त्या रात्री पेपर वाचले.

गोष्ट टोरंटोची आहे. तिथे आंद्रेस लोझानो या सर्जनच्या टीमने एका खूप लठ्ठ माणसाच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले, त्याची भूक आटोक्यात यावी म्हणून. माणूस जागा होता. करंट सोडला आणि त्याला अचानक एक बाग दिसली, मित्र दिसले, तेव्हाची मैत्रीण दिसली. त्याला आपण विशीतले आहोत असं वाटायला लागलं. करंट वाढवला तसे तपशील वाढले. इलेक्ट्रोड फॉर्निक्सच्या शेजारी होते. हिप्पोकॅम्पसमधून निघणारा, कमानीसारखा वळलेला हा तंतूंचा जुडगा आठवणींच्या वाटेवरच आहे. हे २००८ साली छापून आलं. एक बग शोधताना भलतंच फीचर सापडावं, तसं झालं.

मग त्यांनी अल्झायमरच्या ६ रुग्णांवर करून पाहिलं. त्यानंतर मोठी चाचणी झाली, ‘अ‍ॅडव्हान्स’ नावाची. त्यात सुरुवातीच्या टप्प्यातले ४२ रुग्ण होते. सगळ्यांच्या कवटीला भोकं पाडली, वायरी घातल्या, छातीत बॅटरी बसवली. आणि मग चिठ्ठ्या टाकल्यासारखं, निम्म्यांचा स्विच चालू ठेवला, निम्म्यांचा बंद. वर्षभर. कोणाचा चालू आहे हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्याला.

ऑफिसात मी ए-बी टेस्ट करतो. निम्म्या लोकांना हिरवं बटण, निम्म्यांना निळं. त्यात कोणाचं काही जात नाही. इथे २१ माणसं डोक्यात बंद वायर घेऊन वर्ष काढत होती, तेही अशा आजारात, जिथे वर्ष म्हणजे फार मोठी गोष्ट. वाचून आधी रागच आला.

पण डिसेंबरात आजीची गोळी बदलली, तेव्हाचं आठवलं. चौथ्या दिवशी तिने तिळगुळाच्या पाकाचं प्रमाण घडाघडा सांगितलं. गोळी लागू पडली म्हणून आत्याला फोन, काकाला फोन. पाचव्या दिवशी तिने आईला विचारलं, "तुम्ही कोणाकडच्या?" आमच्याकडे बंद स्विचवाली दुसरी आजी नव्हती ना ताडून बघायला.

२०१६ साली निकाल छापून आला. वर्षअखेर स्मरणशक्तीत दोन्ही गटांत ठोस फरक नव्हता. स्विच चालू असलेल्यांचा मेंदू सहाव्या महिन्यात जास्त साखर वापरताना दिसला, पण ती वाढ वर्षापर्यंत तशी टिकली नाही. पासष्टीच्या पुढच्यांना थोडा फायदा झाला असावा, त्याखालच्यांचं उलट बिघडलं असावं, असंही त्यात दिसतं. पण डेटा असा कापत गेलं की काहीतरी हाती लागतंच, हे मला कामावरून माहीत आहे. त्यासाठी नव्याने चाचणीच करावी लागते, आणि ६५ च्या पुढच्यांसाठी तशी त्यांनी सुरूही केली.

बाबांना सांगितलं, आपल्या आजीला हे बसणार नाही. आजार सुरुवातीचा लागतो, आणि माणसाला स्वतःला समजून ‘हो’ म्हणता यावं लागतं.

"मी हो म्हणतो ना," बाबा म्हणाले. मग गप्प झाले.

खरं सांगायचं तर मीही मनात ‘हो’ म्हणून टाकलं होतं. पण त्या टोरंटोच्या माणसाला काय दिसलं? जुनी बाग, जुनी मैत्रीण. आजीकडे तिची बाग आहेच की. अण्णा आहे, एसटी आहे, माहेरची विहीर आहे. पुसला गेलोय तो मी, १९९७ नंतरचा. करंट सोडून कदाचित अण्णाच अजून स्पष्ट दिसला असता.

रविवारी सातारला गेलो. आजी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी श्वास रोखून थांबलो.

"उशीर केलास," ती म्हणाली. नाव घेतलं नाही.

"हो, एसटी उशिरा आली," म्हटलं, आणि शेंगा फोडायला बसलो.