राहून गेलेले टेक

ऐंशीच्या दशकात मुंबईत एलपीवरून कॅसेट भरून देणारी दुकानं होती. अल्बमचं नाव सांगायचं, कोरी ९० मिनिटांची कॅसेट द्यायची आणि दोन-तीन दिवसांनी भरलेली घेऊन यायची. कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, आणि बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ संपतो ३५ मिनिटांत. उरलेली फीत कोरी सोडणं दुकानदारांना पटायचं नाही. माझ्या मामेभावाच्या कॅसेटवर ‘रिव्हॉल्व्हर’च्या शेवटी त्यांनी ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ आणि ‘पेनी लेन’ भरून दिली होती. दादाने ती कॅसेट मला दिली तेव्हा मी शाळेत होतो. अल्बम संपल्यावरही काहीतरी उरलेलं असतं, ही सवय माझ्या कानांना तिथून लागली.

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ सुरू होऊन मिनिटभर झालं की त्या गाण्यात काहीतरी घडतं. आवाज जडावतो, खालून चेलो येतात, सगळी हवाच बदलते. ते मला दर वेळी जाणवायचं. काय होतंय ते मात्र सांगता यायचं नाही. दादाला विचारलं तर तो म्हणाला, तुला भास होतोय. भास नव्हता. पण ते कळायला मला आधी टेप कापायला शिकावं लागलं.

कॉलेज संपल्यावर मी एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत सहायक म्हणून लागलो. जाहिरातींच्या जिंगल, भक्तिगीतांच्या कॅसेट, मराठी चित्रपटांचं डबिंग असं सगळं तिथे चालायचं. डिजिटल येऊ घातलं होतं, तरी आमचं काम अजून पाव इंची टेपवरच होतं. जोड द्यायचा तर फीत ब्लेडने तिरकी कापायची आणि चिकटपट्टीने सांधायची. जमलेला टेक ‘ओके’, फसलेला ‘एनजी’. संध्याकाळी ओके टेक मास्टरवर चढवला की स्पूल पुसून दुसऱ्या दिवशीच्या कामाला घ्यायचं. टेप महाग होती, निर्मात्याचे पैसे मोजून मापून आलेले असायचे, आणि एनजी टेक सांभाळून कुणाला काय करायचं होतं?

एकदा एक ज्येष्ठ गायिका भावगीत गायला आल्या होत्या. पहिल्याच टेकला दुसऱ्या अंतऱ्यात त्यांनी एक जागा अशी घेतली की काचेच्या या बाजूला बसलेले आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. पुढच्याच ओळीला त्यांना खोकला आला. एनजी. चौथा टेक ओके झाला. स्वच्छ, सुरेल, निर्दोष. ती जागा त्यात नव्हती. त्यांनी ती पुन्हा घेण्याचा प्रयत्नही केला नाही. स्पूल संध्याकाळी रिवाजाप्रमाणे पुसलं गेलं. ते गीत पुढे रेडिओवर लागायचं, अजूनही क्वचित लागतं. दुसरा अंतरा आला की माझा कान तिथे नसलेल्या जागेची वाट बघतो.

म्हणून १९९६ साली काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये बीटल्सच्या ‘अँथॉलॉजी २’ची सीडी हातात आली, तेव्हा ती मला गाण्यांची सीडी वाटलीच नाही. लंडनच्या ॲबी रोडवरच्या त्या स्टुडिओत तीस वर्षं कुणीतरी एनजी टेक पुसले नव्हते. डब्यांवर तारखा आणि टेकचे आकडे घालून ते कपाटात ठेवले होते. मला आधी हेवा वाटला आणि मग फार आनंद झाला.

त्या सीडीवर ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’चा २४ नोव्हेंबर १९६६चा पहिला टेक आहे. त्यात गाणं ध्रुवपदाने सुरूच होत नाही, थेट कडव्याला हात घालतं. नाजूक, विरळ, जवळजवळ घरगुती. पुढे सातवा टेक झाला, तो लेननला आवडला. मग त्याला वाटलं, अजून भारदस्त हवं. निर्माता जॉर्ज मार्टिनने चेलो आणि ट्रम्पेट लिहिले आणि वेगळ्या स्वरात, वेगळ्या लयीत, वाढत वाढत सव्विसावा टेक झाला. लेननला एकाची सुरुवात हवी होती आणि दुसऱ्याचा शेवट. मार्टिनने अडचण सांगितली की दोन्हींचा स्वर वेगळा आणि लयही वेगळी. मग त्याने आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिकने एका फितीचा वेग किंचित वाढवला, दुसरीचा कमी केला, आणि स्वर आणि लय जिथे एकत्र आले तिथे जोड दिला. तो जोड साधारण एक मिनिटावर आहे. मी रोज ब्लेड हातात धरणारा माणूस. मला त्या रात्री झोप लागली नाही. वेग बदलला की स्वर आणि लय दोन्ही सरकतात, आणि ते दोन्ही सरकून एकाच जागी येऊन भेटावेत हा योगायोग किती दुर्मीळ, ते त्या कामातल्या माणसालाच कळेल. पण योगायोगाचा फायदा घ्यायलाही कुणीतरी हट्ट धरावा लागतो. मूळ गाण्यात तो हट्ट दिसत नाही. तो टेकमध्ये दिसतो.

मग मला या गोष्टीचं वेड लागलं, आणि वेडाबरोबर काही मतं पक्की झाली. पहिलं मत रागातूनच आलं. ‘द हू’च्या ‘हूज नेक्स्ट’ची १९९५ची नवी आवृत्ती मी मोठ्या हौसेने घेतली. तो अल्बम ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ने संपतो. साडेआठ मिनिटांचं गाणं, रॉजर डाल्ट्रीची ती प्रसिद्ध किंकाळी, शेवटचा घणाघात. त्यानंतर खोलीत काही क्षण कुणी बोलू नये. सीडीवर मात्र दोन सेकंदांत ‘प्युअर अँड इझी’ सुरू होतं. पीट टाउन्शेंडच्या अर्ध्यावर सुटलेल्या ‘लाइफहाऊस’ प्रकल्पातलं ते गाणं अप्रतिम आहे, पण त्या जागी मला ते सोसवलं नाही. अल्बमचा शेवट हा अल्बमचाच भाग असतो. जास्तीची गाणी द्यायची तर वेगळ्या तबकडीवर द्यावीत. जिमी पेजने २०१४-१५मध्ये लेड झेपेलिनचे अल्बम पुन्हा काढताना हेच केलं. मूळ अल्बम एका तबकडीवर जसाच्या तसा, आणि सोबतचं साहित्य दुसरीवर. असाच मान द्यायला हवा.

‘हूज नेक्स्ट’च्या त्याच सीडीवर ‘बिहाइंड ब्लू आइज’चा न्यूयॉर्कमध्ये केलेला आधीचा टेक आहे, त्यात ऑर्गनवर अल कूपर आहे. हाच कूपर १६ जून १९६५ला कोलंबियाच्या स्टुडिओत बॉब डिलनचं ध्वनिमुद्रण बघायला म्हणून आला होता. तो गिटार वाजवणारा, आणि संधी साधून जाऊन बसला ऑर्गनवर. गाणं होतं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’. २०१५ साली डिलनच्या त्या काळातल्या ध्वनिमुद्रणांचा मोठा संच निघाला, त्यात या एका गाण्याच्या सगळ्या टेकना एक अख्खी तबकडी दिली आहे. आदल्या दिवशी ते गाणं तीन मात्रांच्या वॉल्ट्झच्या चालीत चाचपडत होतं. दुसऱ्या दिवशी चौथ्या टेकला ते सापडलं. जगाने ऐकलं ते हेच. पण तबकडी तिथे थांबत नाही. खोलीतल्या कुणालाच ते सापडल्याचं माहीत नाही. ते पुन्हा वाजवतात, पुन्हा मोडतात, पुन्हा सुरू करतात, आणि गाणं परत येत नाही. मी ती तबकडी सलग ऐकतो ती या भागासाठी. हातात आलेलं पुन्हा शोधणारी ही तरणी माणसं मला फार जवळची वाटतात.

फेकलेलं सगळं कच्चं असतं असंही नाही. पिंक फ्लॉइड १९७५ साली ॲबी रोडला ‘विश यू वेअर हिअर’ करत असताना शेजारच्या स्टुडिओत येहुदी मेन्युहिन आणि स्टेफान ग्रापेली व्हायोलिनच्या जुगलबंद्या ध्वनिमुद्रित करत होते. फ्लॉइडवाल्यांनी ग्रापेलीला आपल्या शीर्षकगीतात वाजवायला बोलावलं. त्याने वाजवलं, आणि अंतिम मिश्रणात त्याचं व्हायोलिन इतकं मागे गेलं की जवळजवळ ऐकूच येईना. श्रेयनामावलीतही त्याचं नाव घातलं नाही. ती फीत पुढे पुसली गेली असावी असंच बँडमधले लोक समजत होते. ती सापडली आणि २०११च्या संचात आली. मी ते ऐकलं तेव्हा पहिल्यांदा डोळे भरून आले. व्हायोलिन गिटारच्या भोवती वळसे घेत जातं, हसतं, शेवटाला तर मोकाट सुटतं. तरीही माझं मत असं की ते वगळलं हे बरोबरच केलं. ते गाणं कुणाच्या तरी नसण्याबद्दल आहे, आणि ग्रापेली इतका भरभरून हजर आहे की नसण्याला जागाच उरत नाही. दोन्ही ऐकायला मिळतात म्हणून मला हे म्हणता येतं. ३६ वर्षं फक्त निर्णय ऐकू येत होता, आता त्याची किंमतही ऐकू येते.

कंपन्या हे सगळं प्रेमापोटी बाहेर काढतात असं नाही. तोच अल्बम त्याच श्रोत्याला पुन्हा विकता येतो, हे एक. दुसरं म्हणजे कायदा. युरोपीय संघाने २०११ साली ध्वनिमुद्रणांच्या हक्कांची मुदत ५० वर्षांवरून ७० केली. पण जे ५० वर्षांत प्रकाशितच झालं नाही त्याला ही वाढ मिळत नाही. म्हणून २०१२पासून डिसेंबर महिना आला की जुनी कपाटं घाईने उघडू लागली. डिलनची काही ध्वनिमुद्रणं तर हक्क राखण्यापुरत्या जेमतेम शंभर प्रतींत काढली गेली. घाईत काढलेल्या संचांत भरताडही पुष्कळ असतं, एकाच गाण्याच्या सारख्याच वाटणाऱ्या चार-पाच आवृत्त्या. पण त्या निमित्ताने फिती भट्टीत कोरड्या करून वाचवल्या जातात, यंत्रावर चढतात. काही तेवढ्याही नशिबाच्या नसतात. १ जून २००८ला हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि मूळ ध्वनिफितींचं एक मोठं भांडार जळालं. त्यात न ऐकलेलं काय काय गेलं ते कधीच कळणार नाही.

आणि मग २०१४. जॉर्ज हॅरिसनच्या ‘वंडरवॉल म्युझिक’ची नवी आवृत्ती निघाली. त्या अल्बमचा भारतीय भाग जानेवारी १९६८मध्ये मुंबईत झाला, फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत. फोर्टातल्या त्या रस्त्याने मी स्टुडिओच्या कामासाठी कित्येकदा गेलोय. स्टुडिओ कचेऱ्यांच्या वर होता आणि आवाजबंदीची नीट सोय नव्हती. रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू यायच्या. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावर इतक्या चपला वाजायच्या की ध्वनिमुद्रण थांबवावं लागे, असं हॅरिसनने सांगून ठेवलंय. मुंबईत कामावर गेलेल्या कुणालाही ती वेळ सांगावी लागणार नाही. सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. त्याच दिवसांत तिथे एका गाण्याचा वाद्यमेळ वाजवला गेला, त्यावर हॅरिसन पुढच्या महिन्यात लंडनला गायला, आणि ‘द इनर लाइट’ म्हणून ते बीटल्सच्या ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला निघालं. २०१४च्या सीडीवर त्याचा एक वेगळा टेक आहे, गायनाशिवाय. सुरुवातीला स्टुडिओतलं बोलणं राहिलंय. मग बासरी येते, तरुण चौरसियांची, आणि गाणं चालायला लागतं. गाणं शोधणाऱ्या माणसांचा श्वास मी हेडफोनवर ऐकला. आमच्या स्टुडिओत असं किती पुसलं गेलं, तो हिशेब डोक्यात आल्याशिवाय राहिला नाही.

पुढच्याच वर्षी झेपेलिनच्या ‘कोडा’ची नवी आवृत्ती आली. पेज आणि गायक प्लांट १९७२ साली मुंबईत आले होते, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपलीच दोन गाणी पुन्हा वाजवून पाहिली होती, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’. दुसरं पाच आणि सहा मात्रांत अदलाबदल करत जाणारं. जॉन बोनमने मूळ गाण्यात दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून ड्रम वाजवले म्हणून त्याचं नाव तसं. मुंबईच्या खोलीत बोनम नाही, तबला आहे, आणि विजेच्या गिटारचं काम व्हायोलिनं करतात. चोरट्या प्रतींतून ते वर्षानुवर्षं फिरत होतं. ४३ वर्षांनी ते स्वच्छ ऐकायला मिळालं. गाण्याच्या नावापुढे वादक म्हणून एवढंच छापलंय: बॉम्बे ऑर्केस्ट्रा.

हे मला मान्य नाही. व्हायोलिनच्या त्या रांगेत बसलेल्या प्रत्येकाला नाव होतं. तेव्हा मुंबईत वाद्यवृंदातला माणूस बहुधा चित्रपटसंगीतातच राबणारा असायचा, आणि त्यांतले कितीतरी गोव्याचे. म्हणून मी जुन्या वादकांना विचारत सुटलोय. बहुतेकांना ते ध्वनिमुद्रण आठवतही नाही. दिवसाला दोन-दोन शिफ्ट करणाऱ्यांना ही एक शिफ्ट कशी आठवावी? बांद्र्याला राहणारे एक निवृत्त व्हायोलिनवादक आहेत, मूळचे गोव्याचे, सगळे त्यांना मास्टर म्हणतात. ते त्या दिवशी तिथे नव्हते. मी त्यांना ‘फ्रेंड्स’ ऐकवलं. त्यांनी वाजवण्यावरून दोन नावांचा अंदाज केला, ती मी लिहून घेतली आहेत, अजून पडताळायची आहेत. मग त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, या वेळी डोळे मिटून, उजव्या हाताने गज चालवत. संपल्यावर म्हणाले की मागची दोन व्हायोलिनं एकत्र येत नाहीत, अजून एक टेक घ्यायला हवा होता.