कापडाचे पंख

विमान म्हटले की पत्र्याचे चकाकणारे धूड डोळ्यांपुढे येते. पण मी ज्या विमानावर काम शिकलो, त्याचे पंख कापडाचे होते. त्याचे नाव 'पुष्पक'. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात तयार झालेले हे दोन आसनी विमान १९५८ साली पहिल्यांदा उडाले. पुढे अनेक फ्लाइंग क्लबांतील मुले त्यावर विमान चालवायला शिकली.

सांगाड्यावर कापड बसवायचे आणि त्यावर डोप नावाचे रोगण चढवायचे. हे रोगण वाळताना आकसते आणि कापड ढोलकीच्या कातड्यासारखे ताणले जाते. मग ॲल्युमिनियमची पूड घातलेले रुपेरी रोगण, आणि सर्वांत वर रंग. लोक वरचा रंग पाहतात. कापडाला जपतो तो मधला रुपेरी थर. तो ऊन आत जाऊ देत नाही. उन्हाने कापड जीर्ण होते.

१९८४ सालच्या जानेवारीत आमच्या एका विमानाच्या पंखाचा रंग तडकला होता. २६ तारखेला विमान लोकांसमोर उडवायचे होते. क्लबचे एक अधिकारी म्हणाले, "उस्ताद, वरून एक हात मारून द्या. कोणाला कळणार आहे?"

उस्ताद काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी हँगरमधले सगळे दिवे मालवले आणि पंखाच्या तपासणीच्या भोकातून आत एक दिवा सोडला. अंधारात पंखावर उजेडाच्या बारीक रेघा उमटल्या, नकाशावरच्या नद्यांसारख्या!

"पाहा साहेब," उस्ताद म्हणाले, "जिथून उजेड बाहेर येतो, तिथूनच ऊन आत जाते. भेगांवर रंग मारला, तर काही महिन्यांत त्याच भेगा पुन्हा वर येतील. विमानाचे वजन तेवढे वाढेल."

साहेब काही न बोलता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी यंत्राने कापडाची ताकद मोजली. कापड मजबूत निघाले. नाहीतर सगळा पंख सोलावा लागला असता. मग जुने रोगण मऊ करणारे पातळ औषध आम्ही फवारले. हळूहळू भेगा मिटल्या. एके ठिकाणी कापड फाटले होते, तिथे ठिगळ लावले. ठिगळाच्या कडा करवतीच्या दातांसारख्या कातरलेल्या, म्हणजे धागे सुटत नाहीत.

घासकाम मला दिले होते. "बेटा, बरगड्यांवर कागद फिरवू नकोस," उस्ताद रोज बजावत. तिथे कापड उंचवट्यावर ताणलेले असते. दोन फेऱ्यांत कापले जाते. हँगरमध्ये विडी तर सोडाच, काडेपेटीलाही बंदी होती. डोपची वाफ चटकन पेट घेते.

दोन दिवस आभाळ भरून आले. हवा दमट असली की डोप वाळताना पांढरट पडते आणि कच्चे राहते. उस्तादांनी काम थांबवले. साहेब दोनदा येऊन घड्याळ पाहून गेले.

२६ तारखेला ते विमान उडाले नाही. त्याचा एक पंख पांढरा आणि दुसरा रुपेरी होता. बाहेर बँड वाजत होता आणि उस्ताद बोटाच्या टोकाने रोगण वाळले का ते पाहत होते.