सयाजीराव जिंकला की जिंकले?

वाचकहो, ज्या चुकीची हकीकत आज मी आपल्याला सांगणार आहे, ती छापली गेली नाही हे माझे भाग्य. आणि ती पकडण्याचे श्रेय आमच्या संपादकीय टेबलावरील कोणाला नसून माझ्या आजीला आहे.

काही वर्षांपूर्वी नामांकित शर्यती घोड्यांविषयीचा एक इंग्रजी लेख मराठी आवृत्तीसाठी माझ्याकडे आला. जबलपूरच्या स्टेशनाबाहेर लहानपणी पाहिलेले टांगे, यापलीकडे घोडा या प्राण्याशी माझा परिचय नव्हता. तरीही लेख सरळ होता आणि काम बरे चालले होते. मध्येच एक वाक्य आले. त्याचा आशय असा, की बडोद्याच्या महाराजांच्या मालकीच्या सयाजीरावाने १९४७ साली इंग्लंडातील सेंट लेजर ही शर्यत जिंकली. मला हसू आले. सयाजीराव हे बडोद्याच्या महाराजांचेच नाव. लेखकाने मालकाचे नाव घोड्याला चिकटवले, असे मी मनाशी ठरवले आणि मोठ्या उदारपणे त्याची चूक दुरुस्त करून टाकली. 'बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्या घोड्याने सेंट लेजर जिंकली,' असे वाक्य लिहून मी पुढे गेले.

मजकूर छपाईला देण्यापूर्वी तो घरी आजीला वाचून दाखवावा, अशी माझी जुनी सवय. ऐकणाऱ्याच्या कानाला जे खटकते, ते पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही. आजी १९३१ साली बडोद्यात जन्मली, तेथल्याच मराठी शाळेत शिकली आणि लग्नानंतर जबलपुरात आली; आजोबा येथल्या गन कॅरेज फॅक्टरीत होते. आता ती नव्वदीच्या घरात होती. त्या वाक्यापाशी तिने हात वर केला.

"अगं, सत्तेचाळीस साली महाराज कुठले? मी दुसरीत होते तेव्हाच ते गेले. शाळेत रडारड झाली होती आमच्या."

तिचे बरोबर होते. तिसरे सयाजीराव गायकवाड ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत निवर्तले. त्यानंतर गादीवर आले ते त्यांचे नातू प्रतापसिंहराव. मग १९४७ साली जिंकले कोण? दुसऱ्या दिवशी मी जुनी नोंदपुस्तके उघडली, आणि ज्या लेखकाला मी अडाणी ठरवले होते, त्याची मनोमन क्षमा मागितली. सयाजीराव हा खरोखरच घोडा होता. नातवाने त्याला आजोबांचे नाव दिले होते.

या घोड्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. तो १९४४ साली जन्मला. थरोब्रेड नावाची जी शर्यतींची जात, तिच्यातल्या प्रत्येक घोड्याचे पितृकुळ सतराव्या-अठराव्या शतकांत पूर्वेकडून इंग्लंडात नेलेल्या तीन घोड्यांपैकी एकाशी जाऊन मिळते. (भीमथडीच्या तट्टांचा अभिमान सांगणाऱ्या आपल्याला अशा वंशावळींचे कौतुक थोडे परके वाटते खरे.) या घोड्याचा बाप निअर्को इटलीत जन्मला होता. तो चौदा शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. आजच्या जगातील असंख्य शर्यती घोडे त्याच्याच वंशातले आहेत. आई रोझी लेजंड. सख्खा थोरला भाऊ दांते याने १९४५ साली डर्बी जिंकली. युद्धामुळे ती त्या वर्षी एप्सम सोडून न्यूमार्केटला झाली होती. भावाच्या यशाने धाकट्याची किंमत चढली, आणि त्याच वर्षी हे वर्षाचे शिंगरू प्रतापसिंहरावांनी लिलावात २८,००० गिनींना घेतले. एवढ्या वयाच्या शिंगरासाठी तोवर कोणी इतकी किंमत मोजलेली नव्हती.

तिसऱ्या वर्षी घोड्याची खरी परीक्षा असते. १९४७ च्या वसंतात टू थाउजंड गिनीज या एका मैलाच्या शर्यतीत हा घोडा तिसरा आला. पहिला आलेला ट्युडर मिन्स्ट्रेल आठ घोड्यांच्या अंतराने पुढे होता. पुढे दीड मैलाच्या डर्बीत हा पुन्हा तिसराच. मात्र तो विजेसारखा ट्युडर मिन्स्ट्रेल तेथे चौथा आला. अंतर वाढले तसे वेगापेक्षा दमाला मोल येऊ लागले, आणि दम हाच या घोड्याचा गुण होता. आयर्लंडची डर्बी त्याने जिंकली. नंतर सप्टेंबरात, भारत स्वतंत्र होऊन महिना होत असताना, डॉन्कास्टरच्या मैदानावर पावणेदोन मैलांहून किंचित लांब असलेली सेंट लेजर. ही १७७६ पासून धावली जाणारी, इंग्लंडच्या पाच क्लासिक शर्यतींत सर्वांत जुनी. घोड्यावर एडगर ब्रिट नावाचा ऑस्ट्रेलियन जॉकी होता. महालक्ष्मीच्या मैदानावर १९४३ साली धावलेली पहिली इंडियन डर्बी याच जॉकीने प्रतापसिंहरावांच्याच 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीवर जिंकली होती. डॉन्कास्टरला अखेरपर्यंत आर्बार नावाचा फ्रेंच घोडा बरोबरीने झुंजला, आणि निकाल लागला तो केवळ एका डोक्याच्या अंतराने.

पुढल्या वर्षी प्रतापसिंहरावांच्याच 'माय बाबू'ने टू थाउजंड गिनीज मारली. पण त्या वर्षी बडोद्यात वेगळीच शर्यत सुरू झाली होती. राजकोशातून उचललेल्या मोठ्या रकमांचा प्रश्न निघाला, १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१ साली भारत सरकारने प्रतापसिंहरावांची राजपदाची मान्यता काढून घेतली.

हे सारे मी आजीला सांगितले. तिने पहिला प्रश्न किमतीचा विचारला. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, तेव्हा २८,००० गिनींचे २९,४०० पौंड झाले. रुपयाला दीड शिलिंग या त्या काळच्या भावाने मी हिशेब केला: तीन लाख ब्याण्णव हजार रुपये.

आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या थोरल्या आत्याला शाळेत घातलं नाही म्हणून आमच्या आजोबांना दंड झाला होता. सरकारचा माणूस घरी आला होता. दंड भरला नि दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत."

बडोदे संस्थानात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची सुरुवात १८९३ साली अमरेली भागात झाली आणि १९०६ साली ते संस्थानभर लागू झाले. त्यात मुलीही होत्या. गावोगाव पेट्यांतून फिरणारी पुस्तकालये त्याच महाराजांची. माझ्या स्वतःच्या टेबलावर १९३१ सालच्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू'ची प्रत असते. राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत मांडणाऱ्या त्या कोशाने माझ्यासारख्या सरकारी कागदांच्या अनुवादकाला किती वेळा हात दिला, याची गणती नाही. आजीची पाटी आणि माझी नोकरी, दोन्हींच्या मुळाशी ते नाव आहे. त्या नावाच्या घोड्याला हाकताना जॉकीने चाबूक उगारला असेल, हा विचार मला आवडला नाही, हे कबूल करते. नातवाने प्रेमाने नाव ठेवले असेल. त्याच्या मनाबद्दल मी काही म्हणत नाही. घोडा तर सर्वस्वी निरपराध. पुढे त्याची मुलगी ग्लॅडनेस हिने १९५८ साली अ‍ॅस्कॉटचा गोल्ड कप जिंकून बापाचा दम आपल्यात उतरल्याचे दाखवून दिले.

राहिला प्रश्न वाक्याचा. इंग्रजीत महाराजांना आणि घोड्याला एकच क्रियापद चालते. मराठीत चालत नाही. 'सयाजीराव जिंकला' लिहिताना माझा हात थांबत होता, आणि 'सयाजीराव जिंकले' लिहिले तर आपण वाचक मला हसला असता. कोश यावर मौन धरून होता. मी आजीला विचारले.

"ते एका डोक्यानं म्हणजे किती गं?"

मी दोन्ही हात पसरून अंतर दाखवले.

"एवढंच?" तिने माझ्या हातांकडे पाहिले. "मग फार पळाले असतील बिचारे. 'जिंकले' लिही."

मी तसे लिहिण्याचे धैर्य दाखवले नाही. छापील अंकात आपण वाचले असेल ते वाक्य असे: 'सेंट लेजरमध्ये सयाजीराव या घोड्याची सरशी झाली.' आजीला मात्र अंक वाचून दाखवताना मी तिच्या पसंतीचे क्रियापद वाचले.